रेल्वे चालवायचीय? आधी जमिनीचं बोला

नात्यातल्या एका मुलाने मला एक सादरीकरण पाठवलं. देशभर प्रवासी गाड्या चालवणारी खाजगी कंपनी काढायची, शंभर शहरं जोडायची, विमानासारखी सेवा द्यायची आणि पाच वर्षांत नफ्यात यायचं. नकाशावरच्या केशरी रेघा फार देखण्या होत्या. मुलगा हुशार आहे, त्यामुळे नुसतं ‘छान आहे’ म्हणून त्याची बोळवण करणं जिवावर आलं. त्याला उत्तर लिहायला बसलो ते लांबत गेलं. विषय चारचौघांच्या कामाचा आहे, म्हणून इथेच टाकतोय.

पहिलं म्हणजे ही कल्पना नवी नाही. सरकारनेच ती बाजारात मांडून झालीय. कोविडच्या ऐन धामधुमीत, १ जुलै २०२० ला, रेल्वे मंत्रालयाने १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्या चालवायला अर्ज मागवले. देशाचे १२ गट पाडले होते. करार ३५ वर्षांचा, गाडीला किमान १६ डबे, ताशी १६० किलोमीटरची क्षमता, एकूण गुंतवणूक ३० हजार कोटींच्या घरात. भाडं ठरवायची मोकळीकही दिली होती. १५ कंपन्यांनी मिळून १२० अर्ज टाकले. एका बाजूने ‘रेल्वे विकायला काढली’ अशी बोंब, दुसऱ्या बाजूने ‘आता आपलं जपान होणार’ असा जल्लोष. वर्षभराने प्रत्यक्ष बोली उघडल्या, तर १२ पैकी तीनच गटांसाठी बोली आलेल्या, त्याही दोघांच्याच. एक हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग आणि दुसरी आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी. मांडव घातला आणि वऱ्हाडी म्हणून घरचेच येऊन बसले, अशी गत. पुढे योजना गुंडाळली गेली.

उद्योगपती घाबरट आहेत म्हणून हे झालं नाही. त्यांना आकडेमोड येते म्हणून झालं. जे विकायला ठेवलं होतं ते नीट बघा. रूळ रेल्वेचा, सिग्नल रेल्वेचा, चालक आणि गार्ड रेल्वेचा, कंट्रोल ऑफिस रेल्वेचं, वेळापत्रक रेल्वेचं. तुमचं काय, तर डबे आणि कर्ज. गाडी भरो न भरो, रूळ वापरल्याबद्दल ठरावीक हॉलेज चार्ज द्यायचा. वीज लागेल तेवढी, तिचे पैसे वेगळे. वर उत्पन्नातला वाटा रेल्वेला. नफ्यातला नव्हे, उत्पन्नातला! जो जास्त वाटा देईल तो जिंकणार. आणि त्याच रुळावर, त्याच दोन शहरांमध्ये, तुमची प्रतिस्पर्धी कोण? तीच रेल्वे, जी तुमची गाडी कधी सोडायची हेही ठरवते.

तेजस एक्सप्रेसचंच घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये आयआरसीटीसीने लखनौ–दिल्ली तेजस सुरू केली आणि एक धाडसी वचन दिलं: तासापेक्षा जास्त उशीर झाला तर प्रवाशाला १०० रुपये, दोन तासांच्या वर गेला तर २५०. बातम्या छान झाल्या. पण गाडीला उशीर सिग्नल बिघडला म्हणून होतो, पुढे मालगाडी अडकली म्हणून होतो, धुक्याने होतो. यातलं गाडी चालवणाऱ्या कंपनीच्या हातात काहीच नाही. चूक एकाची आणि भरपाई दुसऱ्याने द्यायची, असा हा धंदा. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये प्रवासीच नाहीत म्हणून तेजस काही महिने बंद ठेवावी लागली. रेल्वेच्या घरच्याच कंपनीची ही अवस्था, तर बँकेकडून साडेदहा टक्क्यांनी पैसे उचलणाऱ्याचं काय होईल?

आता जरा पुणे स्थानकाकडे या. फलाट सहा. गाडी वेळेत आली तरी फलाट रिकामा नाही म्हणून अलीकडे शिवाजीनगरला किंवा हडपसरला ताटकळत उभी राहते, हे पुणेकराला सांगायला नको. आतले लोक बॅगा खाली काढून दारात उभे, बाहेर कुणीतरी घ्यायला आलेला, आणि गाडी हलत नाही. गाडी चालवण्याची खरी अडचण इथे आहे. रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचा अख्खा संच, आली की तिला पिट लाइन, म्हणजे डबे खालून तपासायला खाली खड्डा असलेला रूळ, लागते, पाणी भरावं लागतं, तपासणी, साफसफाई, चादरी. मुंबईत वाडीबंदरला काय, पुण्यात घोरपडीला काय, जागेची मारामारी आहे. सादरीकरणात केशरी रेघ पुणे–नागपूर अशी सरळ गेली होती. ती रेघ रात्री दहा वाजता कुठल्या फलाटावरून सुटणार, याची स्लाइड नव्हती.

ताशी १६० चंही तसंच. मुंबई–पुणे अंतर १९२ किलोमीटर, आणि आपली डेक्कन क्वीन त्याला तीन तासांच्या वर घेते. चालक झोपलेला असतो म्हणून नाही, मध्ये बोरघाट आहे म्हणून. १ ला ३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, कर्जतला मागून बँकर इंजिनं लावायची, मगच लोणावळा. (तेवढ्यात कर्जतचा वडा मिळतो, ही या चढाची एकमेव जमेची बाजू.) डब्याच्या पाटीवर १६० लिहिल्याने घाट सपाट होत नाही.

भाड्याचं गणित तर सर्वांत कडू. रेल्वेच सांगते की प्रवाशावर १०० रुपये खर्च होतो तेव्हा तिकिटातून साधारण ५४ मिळतात. उरलेले कोळसा, सिमेंट, धान्य वाहून नेणाऱ्या मालगाड्या भरतात. हे बदलायला गेलं की काय होतं ते २०१२ मध्ये दिसलं. तेव्हाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदींनी अर्थसंकल्पात किलोमीटरमागे दोन पैशांपासून तीस पैशांपर्यंत वाढ मांडली आणि त्यांच्याच पक्षाने त्यांचं मंत्रिपद घालवलं. म्हणजे तुमच्या शेजारच्या फलाटावर अर्ध्या खर्चात स्लीपर उभी राहणार, वरच्या बाजूला विमान, आणि रस्त्यावर रात्रभर धावणाऱ्या ट्रॅव्हल्स, ज्या दिवाळीत वाटेल तो भाव लावतात आणि गर्दी नसली की निम्म्या भाड्यात नेतात. ट्रॅव्हल्सवाल्याला हे जमतं कारण एका बसचं कर्ज अंगावर घेता येतं. १६ डब्यांच्या रेकचं तसं नाही.

‘पण सुरुवात तर खाजगी कंपन्यांनीच केली होती ना?’ असं त्या सादरीकरणवाल्या चिरंजीवांनी विचारलंच. केली होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. नाना शंकरशेटांसारख्यांनी त्यासाठी धडपड केली. पण त्या कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती, आणि जमीन फुकट. तूट आली तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून. धोका रयतेचा, लाभांश लंडनचा. अशी हमी मिळत असेल तर मीही उद्या रेल्वे काढतो.

आपल्या जवळचं उदाहरण कोकण रेल्वेचं. १९९० मध्ये कंपनी स्थापन झाली. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ भागीदार. रोखे काढून पैसा उभा केला, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरन यांनी डोंगर फोडून १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा मार्ग पूर्ण केला. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात झालेल्या सर्वोत्तम कामांपैकी एक. पण कंपनी म्हणून? कर्जाचा डोंगर, दुपदरीकरणाला पैसे नाहीत, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला होकार दिला. आता विचार करा, रेल्वे आल्यावर कुडाळ, कणकवली, रत्नागिरीला जमिनींचे भाव कुठून कुठे गेले. हॉटेलं आली, बंगल्यांचे प्लॉट पडले, हापूसवाल्याला नवी वाट मिळाली. ही सगळी किंमत रुळाने निर्माण केली. रूळ टाकणाऱ्या कंपनीच्या वाट्याला त्यातलं आलं ते तिकीट आणि मालभाडं.

जपानमध्ये इचिझो कोबायाशी नावाच्या माणसाला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९१० मध्ये त्याने ओसाकाजवळ एक छोटी लाइन सुरू केली, आजची हानक्यू. माणसं कमी, गाव लहान. त्याने आधीच रुळाकडेच्या जमिनी घेऊन ठेवल्या होत्या, तिथे घरं बांधून हप्त्यांवर विकली. एका टोकाला ताकाराझुका इथे करमणूक उभी केली, दुसऱ्या टोकाला उमेदा स्थानकावर १९२९ मध्ये मोठं दुकान. लोक घरातून निघाले तरी त्याची गाडी, खरेदीला गेले तरी त्याचंच दुकान. सरकारी जपानी रेल्वेचं १९८७ मध्ये विभाजन आणि खाजगीकरण झालं, त्यातही टोकियो–ओसाकाकडच्या कंपन्या फळफळल्या आणि होक्काइडो, शिकोकूच्या अजून रडतायत. तिथे माणसंच विरळ. ‘देशभर’ हा शब्द धंद्याच्या कागदावर लिहिताना म्हणून दहादा विचार करावा. विरळ वस्तीची गाडी चालवणं हे सरकारचं कर्तव्य आहे आणि ते त्याने करावं, पण त्यात नफा शोधू नये.

जमीन मिळाली की काम झालं, असंही नाही. हैदराबाद मेट्रोत एल अँड टीला स्थानकांभोवती बांधकामाचे हक्क होते, मॉलही उभे राहिले, तरी तोटा वाढत गेला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने ती ताब्यात घ्यायचं तत्त्वतः ठरलं. अर्थात कोबायाशीने रिकामी शेतं घेतली होती, भरलेलं शहर नव्हे.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर देशभराचा नाद सोडा. दोन मध्यम शहरं घ्या, अंतर तीन-चारशे किलोमीटर, दिवसाची खुर्चीगाडी, एका रेकच्या रोज दोन फेऱ्या. रेक उभी राहिली की व्याज चालू आणि उत्पन्न बंद. टोकाचं स्थानक गावाबाहेर, नवं, आणि त्याभोवतीची जमीन करारात. आणि सर्वांत आधी मागा एक स्वतंत्र नियामक. रेल्वे विकास प्राधिकरणाला मंत्रिमंडळाने २०१७ मध्येच मंजुरी दिली होती, पण १५१ गाड्यांची निविदा निघाली तेव्हा तंटा सोडवायला असं कोणी जागेवर नव्हतं. इटलीत २०१२ मध्ये सुरू झालेली खाजगी ‘इटालो’ पहिली काही वर्षं गटांगळ्या खात होती. तिथे स्वतंत्र नियामक आला, रुळाचं भाडं खाली आलं, आणि ती तगली. आपल्याकडे २००६ मध्ये खाजगी कंटेनर गाड्यांना परवाने दिले गेले. त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हॉलेज चार्ज वाढला म्हणून कोणाकडे दाद मागायची. ज्याने वाढवला त्याच्याकडेच.

आणि खाजगी पैसा रेल्वेत येतच नाही, असंही म्हणू नका. आमच्या लातूरला बघा. वंदे भारतच्या १२० शयनयान गाड्या तिथल्या कारखान्यात बांधायचं कंत्राट २०२३ मध्ये झालं, रशियन कंपनीच्या भागीदारीत, आणि ३५ वर्षं देखभालही त्यांचीच. तीच ३५ वर्षं! फरक एवढाच की इथे गाडी भरली की नाही ही काळजी रेल्वेची, कंपनीने गाडी द्यायची आणि ती धावती ठेवायची. प्रवासी मिळतील की नाही हा धोका घ्यायला दोघेच आले होते, गाड्या बांधायला मात्र नामांकित कंपन्यांची चढाओढ होती. चिरंजीव, तुमच्या सादरीकरणात हा धोका कोण घेणार ती ओळ आधी भरा. भागभांडवलाचं मग बोलू.