दुष्परिणाम सांगा हो, आम्ही पळून जात नाही

पोस्ट लांबलचक आहे. पण तुम्ही किंवा घरातल्या कुणी नुकतीच एन्झायटीची गोळी सुरू केली असेल, तर वाचा.

आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांचा एक ठाम समज आहे: साइड इफेक्ट सांगितले की पेशंट घाबरतो आणि गोळीच घेत नाही. त्यातून एन्झायटीचा पेशंट म्हणजे मुळातच घाबरट, त्याला तर सांगूच नये. मला गोळी सुरू झाली तेव्हा असंच झालं. "रात्री जेवणानंतर एक, महिन्याने दाखवा," एवढं बोलून डॉक्टरांनी बेल वाजवली. बाहेर पंचवीस माणसं ताटकळत होती, त्यामुळे त्यांची घाई मला कळते. तरीही माझं म्हणणं आहे की सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट सांगायला हवं ते घाबरणाऱ्या माणसालाच.

का, ते सांगते. बाकी बहुतेक आजारांत औषधाचा त्रास आणि आजाराचा त्रास वेगवेगळे ओळखता येतात. इथे ते एकमेकांसारखेच दिसतात. धडधड, तळहाताला घाम, पोटात कालवाकालव, हाताला सूक्ष्म थरथर, पहाटे खाडकन जाग येऊन पुन्हा डोळ्याला डोळा न लागणं, हे सगळं घेऊनच तर आपण डॉक्टरांकडे जातो. आणि पहिल्या एकदोन आठवड्यांत गोळीसुद्धा यातलं बरंच काही करू शकते. काहींची बेचैनी तर सुरुवातीला वाढते. हे ज्याला माहीत नाही, त्याला एकच अर्थ लागतो: आजार वाढला, आता गोळीचाही उपयोग नाही. चौथ्या रात्री मी अंथरुणात बसून नेमका हाच विचार करत होते. क्लिनिकला फोन केला तर "डॉक्टर राउंडला गेलेत".

मला सावरलं ते माझ्या मावसबहिणीने. ती नर्स आहे आणि स्वतःही या गोळ्या घेऊन बरी झालेली आहे. तिचं पहिलं वाक्य: "मळमळतंय ना? जांभया पण येत असतील बघ." मी थक्कच. जांभयांचं मी कुणाला बोलले नव्हते, कारण ते सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांसमोर एकामागून एक जांभया देत होते आणि मनातल्या मनात शरमत होते. तो या गोळ्यांचा ओळखीचा परिणाम आहे म्हणे. तिच्या त्या एका वाक्याने माझी निम्मी भीती उतरली. शरीर तेच, मळमळ तीच, फक्त तिला आता नाव होतं आणि मुदत होती.

थोडं शास्त्र. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही सगळी एका गटातली औषधं, एसएसआरआय. डिप्रेशनची औषधं म्हणून ती ओळखली जातात, पण एन्झायटीवरही पहिल्यांदा हीच देतात. चिठ्ठीवरचं नाव गूगल करून "मला डिप्रेशन आहे हे डॉक्टरांनी लपवलं" म्हणून हादरून जाऊ नका. सेरोटोनिन या शरीरात निरोप पोचवणाऱ्या रसायनावर त्यांचं काम पहिल्या डोसपासून सुरू होतं, मात्र जीव शांत व्हायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात, एन्झायटीत कधी त्याहूनही जास्त. म्हणजे त्रास रोख आणि फायदा उधारीवर. शिवाय शरीरातलं जवळपास 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं, मेंदूत नाही. त्यामुळे डोक्याची गोळी घेतली आणि पोट का बिघडलं, हे कोडं उरत नाही. मळमळ, पातळ जुलाब, भूक मरणं, डोकेदुखी हे त्रास बहुतेकांचे आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. माझे ओसरले.

तोवर दिवस ढकलायचे कसे? बहिणीने फोन करून करून अखेर डॉक्टरांना गाठलं. त्यांनी डोस निम्मा केला, गोळी रात्रीऐवजी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली. एवढ्याने रात्रीची झोप बरीच परत आली. (काहींना या गोळ्यांनी उलट पेंग येते, त्यांना रात्रीच सोयीची. म्हणूनच विचारायचं, मनाने बदलायचं नाही.) एन्झायटीत थोडक्या डोसने सुरू करून हळूहळू वाढवणं ही नेहमीची पद्धत आहे, मला ते तेव्हा माहीत नव्हतं. उपाशीपोटी गोळी नको. श्रावण होता, सोमवार मी सोडले. सासूबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच सकाळी मऊभात नि मेतकूट पुढ्यात ठेवायला लागल्या. आल्याचा तुकडा चघळला की मळमळ जरा दबायची. चहा दोन कपांवर आणला आणि कॉफी बंद केली. आधीच हात थरथरत असताना कॅफिन म्हणजे आगीत तेल. जड व्यायाम जमत नव्हता, संध्याकाळी कॉलनीला दोन चकरा मारायचे.

आणि नाडी मोजणं बंद केलं. हे सगळ्यात अवघड गेलं. घड्याळावर ठोके बघायचे, वाढले म्हणून घाबरायचं, घाबरलं की ते आणखी वाढायचे. नवऱ्याने घड्याळ कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. या गोळ्यांनी कामेच्छा कमी होऊ शकते, समाधान मिळायला वेळ लागू शकतो किंवा मिळतच नाही. बायकांनाही आणि पुरुषांनाही. मळमळीसारखा हा त्रास दोन आठवड्यांत जातोच असं नाही. कितीतरी लोक याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात आणि विचारलं तर "बरं वाटलं म्हणून सोडली" असं सांगतात. डोस कमी करणं, औषध बदलणं असे मार्ग डॉक्टरांकडे असतात, पण डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण लाजतो. केबिनमध्ये सासू, दीर, शेजारीण यांना घेऊन जायची आपली पद्धत इथे नडते. दोन मिनिटं एकटं बोलायचंय म्हणून सांगा.

आणखी एक गोष्ट बघाच. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास दिलं जातं. क्लोनाझेपाम वेगळ्या जातीचं औषध आहे. लगेच शांत करतं, म्हणून सुरुवातीचे दिवस निभावायला थोडे आठवडे देतात. पण सवय लागते ती त्याची. "या गोळ्यांची सवय लागते" असं आपण सरसकट म्हणतो, तेव्हा निम्म्या वेळा आपण या दुसऱ्या औषधाबद्दल बोलत असतो. एसएसआरआयची तशी ओढ लागत नाही. मात्र एकदम बंद केलं तर गरगरणं, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं असे त्रास होतात, म्हणून तेही पायरीपायरीने कमी करायचं. तेव्हा पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा आणि गोळीत एक औषध आहे की दोन, ते विचारा. मेडिकलवाला पट्टी कापून देतो तेव्हा नेमकं नाव आणि एक्स्पायरीची तारीख त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. पूर्ण पट्टी मागा.

डॉक्टर मंडळी म्हणतील, सांगितलं की त्रास जास्त जाणवतो. खरं आहे ते. औषधाच्या चाचण्यांमध्ये औषध म्हणून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांनाही मळमळ होते. पण म्हणून गप्प बसायचं? तुम्ही नाही सांगितलं तर रात्री दोन वाजता गूगल सांगतं, आणि गूगल "हे साधारण दहा दिवसांत जाईल" असं म्हणत नाही. काय होईल, किती दिवस टिकेल, काय करायचं आणि फोन कधी करायचा, एवढी चार वाक्यं मराठीत छापलेल्या अर्ध्या कागदावर मावतात. हे मी दयेपोटी मागत नाहीये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 22 मध्ये रुग्णाच्या माहितीच्या हक्कात उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि ही माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यावी असंही. आणि पहिली भेट महिन्याने कशाला? दहा दिवसांनी एक फोन पुरतो.

"थांबू, जाईल" हे सगळ्याच बाबतीत म्हणायचं नाही, हेही त्या कागदावर हवं. स्वतःला संपवण्याचे विचार येऊ लागले किंवा वाढले, एका जागी बसवेना इतकी तगमग झाली, झोपेची गरजच वाटेना आणि माणूस भलताच उत्साही, उधळा वागू लागला, अंगावर पुरळ आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पंचवीसच्या आतल्या मुलामुलींकडे पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यात तेल घालून बघायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा ठळक इशारा 2004 पासून या औषधांवर छापायला लावला आहे, आधी लहान मुलांसाठी आणि नंतर तरुणांसाठीही. वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. दुखण्यावर ट्रॅमाडॉल, आयब्रुफेन, खोकल्याचं औषध असं काहीही परस्पर घेण्याआधी ही गोळी चालू असल्याचं सांगा. रात्री-बेरात्री कुणीच सापडलं नाही, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र फोनवर थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या.

मी कुठली गोळी घेते ते इनबॉक्समध्ये विचारू नका, सांगणार नाही. मला लागू पडली ती बहिणीला पडली नव्हती, तिची दुसरी होती. बाकी काहीही विचारा. जांभयांबद्दलसुद्धा.