अस्तर कुजत नाही आणि पावडरीने पिकतही नाही

भाचीला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. त्यात कुणीतरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, आणि माझ्या धाकट्या बहिणीने दुसऱ्याच दिवशी पोरीची त्या आजारावरची डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी बंद केली. वर मलाच फोन, "ताई, तू लॅबमध्ये आहेस ना, खरं आहे का गं हे?" नाही. आधी विचारायचं, मग गोळी बंद करायची, असा क्रम असतो.

फॉरवर्ड थोडक्यात असा: परदेशी शास्त्रज्ञांना म्हणे शोध लागलाय की एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयातली प्रोटीन्स नष्ट होतात, अस्तर कुजतं, गर्भ रुजूच शकत नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी तर ते कायमचं मरतं. आजार रक्ताच्या एका प्रोटीन तपासणीत कळतो, सोनोग्राफी हा डॉक्टरांचा धंदा. लवकर लग्न करून मूल होऊ द्या, आजार आपोआप जातो. नाहीतर सरळ पिशवी काढा. तोवर आमची प्रोटीन पावडर दुधातून घ्या. खाली मोबाईल नंबर आणि हात जोडलेले इमोजी.

सुरुवातीला म्हणे गर्भ रुजूच शकत नाही, आणि चार ओळी खाली म्हणे मूल होऊ द्या. लिहिणाऱ्याने स्वतःचं तरी वाचलं होतं का?

यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरातल्या काही प्रोटीन्समध्ये बदल होतो. अंडं सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि अस्तर गर्भ रुजवून घ्यायच्या तयारीला लागतं. त्या दिवसांत होक्सए10 हे प्रोटीन वाढायला हवं. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बऱ्याच जणींमध्ये ते तसं वाढत नाही, असं 1990च्या दशकापासून दिसत आलंय. उलट अरोमाटेज हे इस्ट्रोजेन तयार करणारं एन्झाइम निरोगी अस्तरात जवळपास नसतंच, ते इथे सापडतं. प्रोजेस्टेरॉनचा निरोप घेणारे रिसेप्टर कमी असतात, त्यामुळे हार्मोन रक्तात पुरेसं असूनही अस्तर त्याला नीट दाद देत नाही. बबून माकडिणींच्या पोटात त्यांच्याच पाळीच्या वेळचं अस्तर सोडून हा आजार मुद्दाम घडवला, तेव्हा काही महिन्यांत त्यांच्या गर्भाशयातलं होक्सए10 घटलं. म्हणजे आजार बाहेर बसतो आणि आतल्या अस्तरावर परिणाम करतो.

पण याला ‘नष्ट होतात’ म्हणत नाहीत. काही कमी होतात, काही वाढतात, काहींची वेळ चुकते. आणि ‘कुजतं’ हा शब्द कुठून आणला? आमच्याकडे अस्तराचे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत येतात. मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, पातळ काप काढायचे, काचेवर जांभळा-गुलाबी रंग चढवायचा. हा आजार असलेल्या बाईची स्लाइड आणि नसलेल्या बाईची स्लाइड शेजारी ठेवली, तर नुसतं बघून सहसा ओळखता येत नाही. प्रोटीनमधला फरक दिसायला अँटिबॉडीचं वेगळं स्टेनिंग लागतं. कुजकं काही असतं तर पहिल्याच नजरेत दिसलं असतं.

‘रुजूच शकत नाही’ याला उत्तर 2000 साली स्पेनमधल्या एका अभ्यासाने दिलंय. एकाच दात्या स्त्रीची अंडी वाटून घेतली. काही तीव्र एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांसाठी, काही हा आजार नसलेल्यांसाठी. गर्भ रुजण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. या आजारात अनेकींना दिवस जायला त्रास होतो हे खरंच आहे, पण त्यात बीजकोशातल्या चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेल्या गाठी), चिकटलेल्या नळ्या, सूज, सगळ्याचा वाटा असतो. आणि कित्येक जणींना काही न करताही मुलं होतात.

आता पावडर. माझं डोकं फिरलं ते इथे. अस्तरातलं प्रोटीन आणि डब्यातलं प्रोटीन यांचा संबंध नावापुरता. खाल्लेलं प्रोटीन, मग ते अंड्यातलं असो, मटकीच्या उसळीतलं असो की हजार रुपयांच्या डब्यातलं, पोटात आणि आतड्यात तुटून त्याची अमिनो आम्लं होतात. त्यातून कुठलं प्रोटीन, कधी, किती बनवायचं हे पेशीतली जनुकं आणि हार्मोन्स ठरवतात. विटांचा ट्रक दारात ओतला म्हणून भिंतीत आपोआप कोनाडा होत नाही. इथे विटा कमी नाहीतच, निरोप पोचत नाहीये. हा असला डबा बहिणीने मागवलाय. पोरीची गोळी बंद आणि दूध-पावडर चालू!

त्या गोळीने अस्तर ‘कायमचं मरत’ नाही. डायनोजेस्ट चालू असेपर्यंत अस्तर पातळ राहतं, बंद केल्यावर पाळी परत येते. अधूनमधून डाग जाणं, चिडचिड, उदास वाटणं हे त्रास होतात, काहींना गोळी लागूही पडत नाही. ते डॉक्टरांना सांगून बदलता येतं.

तपासणीचं म्हणाल, तर फॉरवर्डला बहुतेक रक्तातलं सीए-125 हे प्रोटीन म्हणायचंय. रिपोर्टवर 35च्या पुढे आकडा गेला की शेजारी खूण येते आणि घरात रडारड सुरू होते. हा आकडा पाळीत, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये, पोटाच्या टीबीतही वाढतो. आणि सौम्य एंडोमेट्रिओसिसमध्ये कित्येकदा नॉर्मल येतो. ‘एश्रे’ या युरोपातल्या प्रजननवैद्यक संस्थेची 2022ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की रक्तातल्या किंवा अस्तरातल्या अशा खुणांवरून या आजाराचं निदान करू नये. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार असू शकतो, हे मात्र खरं.

लग्नाबद्दलही तीच तत्त्वं पुरेत. केवळ आजार बरा करण्यासाठी गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये, कारण गरोदरपणाने लक्षणं दर वेळी कमी होतातच असं नाही. पाळीत ऑफिसला दांड्या मारणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीला औषध म्हणून नवरा आणि बाळ लिहून देणाऱ्यांना काय म्हणावं?

राहिली पिशवी. हा आजार मुळात गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशावर, गर्भाशयामागे, आतड्यावर बसतो. ते तसंच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. काही जणींना ही शस्त्रक्रिया खरंच लागते, पण नीट तपासून, त्यांच्याशी बोलून. बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात म्हणून 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. त्याच महाराष्ट्रात ‘नाहीतर सरळ पिशवी काढा’ हे वाक्य फिरतंय, आणि आमच्या ग्रुपवरच्या काका-मावश्या त्याखाली अंगठे दाखवतायत.