अपग्रेड घेण्याआधी परतीचा रस्ता तपासा

फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की आम्ही छायाचित्रकार एकमेकांना पहिला प्रश्न विचारतो, तो म्हणजे ‘नवीन काय आले?’ मीही अनेक वर्षे हेच विचारत आलो. आता मात्र मी आधी दुसरीच गोष्ट पाहतो. नव्या आवृत्तीत काम सुरू केल्यावर गरज पडल्यास जुन्या आवृत्तीकडे परतता येते का, आणि उद्या ते सॉफ्टवेअरच सोडायचे ठरवले तर आजवर केलेली मेहनत सोबत नेता येते का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मी नव्या सोयींची यादी वाचायलाही घेत नाही.

ही सवय मला एका फटक्यानंतर लागली. कोणत्या सॉफ्टवेअरमुळे तो बसला हे सांगत नाही, कारण असा प्रसंग अनेक सॉफ्टवेअरमध्ये येऊ शकतो. एका रात्री अपडेटची सूचना आली आणि मी फारसा विचार न करता होकार दिला. ‘तुमचा कॅटलॉग नव्या आवृत्तीसाठी रूपांतरित केला जाईल’ या संदेशालाही मान्यता दिली. कॅटलॉग म्हणजे फोटोंची आणि त्यांवर केलेल्या बदलांची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंदवही. पुढचे दोन आठवडे मी नव्या आवृत्तीत काम केले, पण माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला ती झेपत नव्हती. ब्रशने मास्क, म्हणजे फोटोचा बदलायचा तेवढाच भाग निवडणारा थर, रंगवताना हात पुढे जायचा आणि पडद्यावरची रेघ दोन सेकंदांनी मागून यायची. शेवटी कंटाळून जुनी आवृत्ती पुन्हा बसवली, तेव्हा तिने नवा कॅटलॉग उघडण्यास साफ नकार दिला. रूपांतरापूर्वीची प्रत शिल्लक होती, पण त्यानंतरच्या दोन आठवड्यांतील सुमारे तीनशे फोटोंवरचे काम तिच्यात नव्हते. ते सगळे मला पहिल्यापासून करावे लागले.

असे का होते, हे समजून घेतले की अपग्रेडकडे पाहण्याची नजरच बदलते. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फोटोवर, काम करणारी बहुतेक सॉफ्टवेअर मूळ फोटोला हातच लावत नाहीत. उजेड किती वाढवला, कोठे कापले, कोणता रंग दाबला, या साऱ्या सूचना ती कॅटलॉगमध्ये किंवा फोटोशेजारच्या एका लहान फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि प्रत्येक वेळी मूळ फोटोवर नव्याने लागू करतात. ही पद्धत उत्तम आहे, कारण तिच्यामुळे मूळ फोटो कायम सुरक्षित राहतो. पण त्या सूचनांची भाषा ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरची असते. तारांकन, कीवर्ड आणि मथळे दुसऱ्या सॉफ्टवेअरला सहसा वाचता येतात, पण उजेड-अंधाराचा तोल ठरवणाऱ्या टोन कर्व्ह या रेषेला दिलेले वळण किंवा मास्कची कड त्याला बहुधा कळत नाही.

अॅपलच्या अॅपर्चर या फोटो सॉफ्टवेअरचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. ते 2005 मध्ये आले, अनेक व्यावसायिकांनी आपला सारा संग्रह त्याच्या भरवशावर उभा केला आणि 2014 मध्ये अॅपलने त्याचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी तेथून अडोबी कंपनीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरचा रस्ता धरला त्यांना फोटो आणि कीवर्ड नेता आले. फोटोंवर केलेले बदल मात्र तसेच्या तसे नेता आले नाहीत. जे फोटो तयार प्रत म्हणून एक्सपोर्ट केले होते तेवढेच तयार स्वरूपात हाती राहिले. वर्षानुवर्षांची मेहनत अशी मागे ठेवून पुढे जाणे किती जिवावर येत असेल, हे माझ्या तीनशे फोटोंवरून मला थोडेफार कळते.

याउलट, नवी आवृत्ती आणताना जुन्या कामाचा मान राखता येतो, हेही लाइटरूमनेच दाखवले आहे. 2012 मध्ये त्याच्या चौथ्या आवृत्तीत हायलाइट आणि शॅडोचे, म्हणजे फोटोतल्या उजळ आणि गडद भागांचे, गणित पूर्ण बदलले, पण आधी एडिट केलेले फोटो जुन्याच प्रक्रियेवर ठेवले गेले. वापरणाऱ्याने स्वतः बदलल्याशिवाय त्या फोटोंचे रूप बदलले नाही. मला या एका निर्णयाचे मोल दहा नव्या फिल्टरपेक्षा जास्त वाटते, तरी जाहिरातीत अशा गोष्टीला कोणी जागा देत नाही.

आता सोयींकडे वळतो, कारण सगळी अपग्रेड टाळावीत असे माझे मुळीच म्हणणे नाही. 2021 मध्ये लाइटरूममध्ये आकाश किंवा मुख्य विषय एका क्लिकवर निवडणारे मास्क आले, आणि त्यांनी माझ्या कामाचे तास खरोखर वाचवले. झाडाच्या फांद्यांमधून डोकावणारे आकाश पूर्वी ब्रशने निवडताना अर्धा तास जायचा आणि तरीही पानांभोवती पांढरट कड राहायची. यंत्र शिकवून तयार केलेल्या नॉइज, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोतला दाणा, काढण्याच्या सोयीबद्दल मात्र माझे मत इतके सरळ नाही. आयएसओ 6400 वर, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता बरीच वाढवून, मंद उजेडात काढलेला माझ्या आजीचा एक फोटो मी अशाच एका सोयीतून काढला. पडद्याच्या आकारात पाहताना तो सुंदर दिसला. शंभर टक्के मोठा करून पाहिला तेव्हा गालावरच्या बारीक सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, आणि मागच्या कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवर अक्षरांसारखे दिसणारे, पण कोणत्याही लिपीत नसलेले आकार उमटले होते. त्या सोयीचा जोर ठरवणारा स्लायडर चाळीसपर्यंत खाली आणल्यावर थोडा दाणा परत आला आणि आजीही परत आली. 2023 पासून फोटोशॉपमध्ये शब्द लिहून चित्राचा नवा भाग तयार करून घेता येतो. जाहिरातीच्या कामात त्याचा उपयोग असेल, पण घरच्या माणसांच्या फोटोत जे नव्हते ते घालण्याची मला गरज वाटत नाही, आणि केवळ त्यासाठी मी अपग्रेड घेणार नाही.

नवा कॅमेरा घेतला की अपग्रेडची सक्ती होते, असा अनेकांचा समज असतो. जुने सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ओळखत नाही, हे खरे आहे. पण अडोबीने 2004 मध्ये आणलेल्या डीएनजी या खुल्या स्वरूपात ती फाइल बदलून घेता येते, आणि त्यासाठीचा कन्व्हर्टर विनामूल्य मिळतो. बदलताना वेळ जातो आणि डिस्कवर जागाही लागते, तरीही हा मार्ग ठाऊक असला की घाईने निर्णय घ्यावा लागत नाही.

सबस्क्रिप्शनबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण 2013 मध्ये अडोबीने फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्या वर्गणीवरच देण्याचे जाहीर केल्यापासून हा वाद शमलेला नाही. रोज त्याच कामावर पोट असलेल्या माणसाला वर्गणी परवडते, असे माझे मत आहे. परंतु वर्गणी थांबवल्यावर काय उघडे राहते, हे आधी वाचून घ्यावे. लाइटरूम क्लासिकमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या संगणकावरच्या मूळ रूपात, वर्गणी संपल्यावरही संग्रह पाहता येतो आणि फोटो एक्सपोर्ट करता येतात, मात्र एडिटिंगचा डेव्हलप विभाग बंद होतो. ज्यांना वर्गणी नको असेल त्यांच्यासाठी डार्कटेबल आणि गिम्प ही विनामूल्य सॉफ्टवेअर आहेत. गिम्पच्या 2025 मधील 3.0 आवृत्तीपासून फिल्टर लावल्यानंतरही तो बदलता किंवा काढता येतो, ही सोय नसल्याची उणीव वर्षानुवर्षे खटकत होती.

माझी सध्याची पद्धत साधी आहे. मी दहा फोटोंचा एक फोल्डर ठेवला आहे आणि त्यात माझे सर्वांत त्रासदायक फोटो आहेत: आजीचा तो फोटो, फांद्यांमधले आकाश, पिवळ्या आणि निळ्या दिव्यांच्या मिश्र उजेडातले चेहरे, पूर्ण पांढरी पडलेली खिडकी. चाचणीची मुदत सुरू झाली की कॅटलॉगच्या प्रतीवर, मूळ कॅटलॉगला हात न लावता, हे दहा फोटो दोन्ही आवृत्त्यांत एडिट करतो आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवतो. या वेळी आलेल्या आवृत्तीत दहापैकी दोन फोटोंना फरक पडला, बाकी आठ जवळजवळ सारखेच उतरले. तिचा कॅटलॉग मागच्या आवृत्तीत उघडत नाही, हेही तपासले. हातातले काम संपवून त्याच्या पूर्ण आकारातल्या टिफ (कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या तयार फोटोच्या) प्रती वेगळ्या डिस्कवर ठेवेपर्यंत मी जुन्याच आवृत्तीवर राहणार आहे.