वाड्यातले खांब शोभेचे नाहीत : एका मेसेजबद्दल खुलासा

‘पेशवाईतले वाडे जाड भिंतींवर उभे आहेत, लाकूड नुसतं शोभेचं, सिमेंटचा गिलावा केला की वाडा पक्का’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि तसं काम केलं तर घरालाच धोका आहे.

पुण्यातल्या वाड्यांत बाहेरच्या भिंती काही भार घेतात, पण चौकाभोवतीचे मजले सागवानी सांगाड्यावर असतात. खाली दगडी तळखडा (खांबाची बैठक), त्यावर खांब, वर तुळई (आडवं जाड लाकूड), मग कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत). सदाशिव पेठेतल्या विश्रामबाग वाड्याचं (१८०७) लाकडी काम बघताना केवळ कोरीवकाम पाहू नका, भार कुठून कुठे उतरतो तेही पाहा.

चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो; सिमेंट ती आत कोंडतं. ती ओल भिंतीत गाडलेल्या खांबापर्यंत आणि तुळईच्या टोकापर्यंत जाते. वरून भिंत कोरडी दिसते, आत लाकूड कुजतं. म्हणून आधी गळकं छप्पर आणि मोरीचं पाणी थांबवा, तुळईची टोकं टोच्याने तपासा, मगच चुन्याचा गिलावा करा. टेकू दिल्याशिवाय एकही खांब हलवू नका.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या गटात टाकला असेल, तिथे ही दुरुस्ती टाका.