नांत कुठे गेलं?

ब्रिटनीवरचा, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या प्रदेशावरचा, तुमचा लेख आवडला, पण त्यात ब्रिटनीचे चारच जिल्हे सांगितलेत ते खटकलं. जुन्या प्रांताचे 1790 साली पाच जिल्हे पाडले होते. पाचवा, नांत शहराचा, 1941 मध्ये विशी सरकारने (दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनधार्जिणं फ्रेंच सरकार) तोडला आणि पुढे तो परत जोडलाच नाही. गंमत बघा, ब्रिटनीच्या ड्यूकांचा, म्हणजे तिथल्या जुन्या शासकांचा, किल्ला नांतमध्ये, म्हणजे आजच्या ब्रिटनीच्या बाहेर! ब्रिटनीची शासक राणी अ‍ॅन हिचा जन्मही तिथलाच. फ्रान्सच्या एकापाठोपाठ दोन राजांशी लग्न झालेली हीच ती. तिचं हृदय ज्या सोन्याच्या डबीत ठेवलं होतं, ती डबीही नांतचीच. प्रांत फ्रान्सला रीतसर जोडला गेला तो तिच्या मृत्यूनंतर, 1532 मध्ये.

बाकी किनारा ‘आर्मोर’ आणि आतला रानाचा भाग ‘आर्गोआत’, हे छान समजावलंय.