पूर्णाआजी गावाला गेलेली नाही

आज भिशीत एकजण हसत हसत म्हणाली, "मालिकेतली आजी गेली म्हणून तुझी आई दोन दिवस धड जेवली नाही? कमाल आहे बाई!" सगळ्या खो खो हसल्या. लाजेकाजेस्तव मीही हसले. घरी येऊन चपला काढल्या तेव्हापासून डोकं भणभणतंय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

16 ऑगस्ट 2025 ला ज्योती चांदेकर गेल्या. 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णाआजी. व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली तेव्हा आई देवघरापाशी वाती वळत होती. भाऊ, वहिनी आणि मी, आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजून ठरवलं, आईला सांगायचं नाही. वय 81, त्यात बीपी. बाबा गेल्यापासून तिच्या बरोबरीचं माणूस घरात उरलेलं नाही. होती ती ही एकच, रोज रात्री अर्धा तास भेटणारी. आई तिच्याशी बोलायची हो! "अगं, तिचं काय ऐकतेस, खोटारडी आहे ती," असं टीव्हीकडे हात करून.

मग रोजचं सुरू झालं. "पूर्णा दिसत नाही गं हल्ली?" मी भाजी चिरता चिरता म्हणायची, "गावाला गेली असेल."

आता हसणाऱ्यांनो, तुम्हीच सांगा. प्रेक्षकांनी काय काय गिळायचं? 2021 मध्ये 'अग्गंबाई सासूबाई'ची 'अग्गंबाई सूनबाई' झाली. आसावरी तीच, आणि शुभ्रा-सोहम नवराबायको दोघंही नवीन. म्हणजे सासूने मुलगा आणि सून एका दमात बदलून आणले आणि घरात कुणाला पत्ता नाही! 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया रसिका सुनीलची ईशा केसकर झाली, हिची सवय होतेय तोवर परत रसिका. 'रात्रीस खेळ चाले'मधली शेवंता बदलली. 'आई कुठे काय करते'मधली संजना बदलली. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधल्या मिहिर विरानीची तर गोष्टच नको. 2001 मध्ये त्याला मारला, लोकांनी बोंबाबोंब करून परत आणायला लावला, आणि पुढे तो रोनित रॉय झाला. त्याची बायको तुलसीसुद्धा मध्ये वर्षभर गौतमी कपूर होती. आणि आम्ही बावळट, का तर आम्हाला वाईट वाटतं!

बरं, कलाकारांनाही आयुष्य आहे. आजारपण, बाळंतपण, महिनोन्‌महिने चालणारं शूटिंग. मान्य.

आणि इथे माझंच एक सांगते. प्रिया मराठेने तब्येतीचं कारण देऊन 'तुझेच मी गीत गात आहे' सोडली, मोनिका म्हणून तेजस्विनी लोणारी आली, तेव्हा "हिला काय झालं मध्येच सोडायला" असं मी ह्याच तोंडाने म्हणाले होते. 31 ऑगस्ट 2025 ला प्रियाच्या जाण्याची बातमी आली. कॅन्सर. पूर्णाआजी गेल्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. त्या दिवशी फोन उलटा करून ठेवला.

नाटकवाले ह्या बाबतीत सरळ. प्रयोगाआधी माइकवर सांगतात, आज अमुक भूमिकेत तमुक. एक क्षण "अरेरे" होतं, मग पडदा वर जातो आणि दहा मिनिटांत आपण नव्या माणसाचे होतो. सांगितलेलं असतं ना! नाहीतर ती 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मधली जेठालालची बायको दया. 2017 पासून माहेरी, अहमदाबादला. कुणाची बाळंतपणाची रजा एवढी चालते? बिचारा जेठालाल अजून वाट बघतोय. दुसरी आणायची नाही, गेली म्हणायचंही नाही.

लिहिता लिहिता जाणवलं, "गावाला गेली असेल" हे तरी दुसरं काय होतं.

तर काही आठवड्यांनी एका रात्री पूर्णाआजी आली. रोहिणी हट्टंगडी. केवढी मोठी अभिनेत्री, त्यांच्याबद्दल एक शब्द काढायची माझी लायकी नाही. पण मी बघत होते आईकडे. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. थोडं पुढे सरकून बसली. जाहिराती लागल्या तशी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "म्हणजे ती गेली."

मी काहीच बोलले नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

ह्यावर काय बोलणार? दोन दिवस अर्धी पोळी खाल्ली ती ह्याच्यावरून. आजीसाठी कमी, आमच्यावरच्या रागाने जास्त. "तुझ्या बाबांच्या वेळीपण असंच केलंत. सगळ्यांना कळलं, मला शेवटी." हे मला भिशीत सांगता आलं नाही. वडे खात खात कसं सांगणार?

त्यामुळे हसा तुम्ही. वाहिनीवाल्यांनो, तुम्ही हवं त्याला आणा, कथेला हवं ते वळण द्या, फक्त आधी दोन मिनिटं आम्हाला सांगा हो. फोटो लावा, हार घाला. आमची माणसं म्हातारी आहेत, खुळी नाहीत.

आत्ता बाहेर मालिका लागलीय. आई परत बघते आता, रोज. मघाशी वहिनीने मुद्दाम विचारलं, "कशी वाटते नवीन पूर्णाआजी?" तर म्हणाली, "ती कुठली पूर्णा! ती 'चार दिवस सासूचे'मधली सासू. पूर्णाच्या घरी राहायला आलीय. बरी आहे, घर सांभाळते."