‘कार्डावर फक्त क्यूआर छापा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘व्हिजिटिंग कार्डाचा इतिहास’ नावाचा मेसेज सोलापूरच्या व्यापारी ग्रुपांवर फिरत फिरत चाटी गल्लीतल्या माझ्या मेव्हण्यापर्यंत पोहोचलाय आणि तो हजार कार्डांची ऑर्डर बदलायला निघालाय. मेसेज म्हणतो: कार्ड पंधराव्या शतकात चीनमध्ये जन्मलं, इंग्रजांनी ते नुसतं मिरवायला वापरलं, आता नाव-नंबर जुनाट झालं, फ्री अ‍ॅपवर क्यूआर बनवा आणि तेवढाच छापा.

चीन बरोबर, शतक साफ चूक. इ.स. 249 मध्ये वारलेल्या चू रान या सेनापतीची कबर 1984 मध्ये मा-आनशानला सापडली. तिच्यात लाकडी नावपट्ट्या निघाल्या, सुमारे 25 सेंटिमीटर लांब, त्यावर नाव आणि क्षेमकुशल विचारणारी ओळ. हजाराहून जास्त वर्षांची चूक!

मिरवणं उमरावांचं. लंडनच्या दुकानदारांची ट्रेड कार्डं पत्ता सांगायला होती. तिथे घरांना सर्रास नंबर पडायला लागले 1760 च्या दशकात, तोवर ‘अमक्या पाटीजवळ’ असंच छापायचे.

खरं नुकसान क्यूआरच्या सल्ल्यात आहे. फ्री अ‍ॅपचा क्यूआर बऱ्याचदा ‘डायनॅमिक’ असतो. त्यात तुमचा नंबर नसतोच, अ‍ॅपवाल्याची लिंक असते. ट्रायल संपली, पैसे भरले नाहीत, की लिंक बंद आणि हजार कार्डं रद्दीत. नाव-नंबरही नाही, मग गिऱ्हाइकाने फोन कुठे करायचा? क्यूआर हवाच तर स्टॅटिक घ्या, म्हणजे माहिती थेट कोडमध्येच असलेला, त्यात फक्त नाव आणि मोबाईल. पत्ता, ईमेल, जीएसटी सगळं कोंबलं की आतले चौकोन बारीक होतात, शाई पसरून एकमेकांत मिसळतात आणि स्कॅन होत नाही. आकार किमान 2 सेंटिमीटर, चारी बाजूंना आतल्या चार चौकोनांएवढी कोरी जागा, आणि छपाई फक्त काळ्या शाईत. चार रंगांत छापलं आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हललं की कडा धूसर होतात.

प्रेसला व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो देऊ नका, छापताना धूसर होतो. पीडीएफ द्या. साडेतीन बाय दोन इंचांच्या कार्डाला चहूकडून 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा कड) लागतं, म्हणजे फाइल 95 बाय 57 मिलिमीटर. ग्लॉस लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, मॅट बरं.

नंबर बदलला की छापलेलं कार्ड वाया जातं, हे मात्र मान्य करावं लागेल. त्यासाठी स्वतःच्या वेबसाइटची लिंक क्यूआरमध्ये घाला. पान कधीही बदलता येतं. पण नाव, मोबाईल आणि पेठ अक्षरांत छापाच, आणि प्रूफ, म्हणजे नमुन्याचं कार्ड, हातात आलं की दोन वेगळ्या फोनांनी स्कॅन करून मगच मशीनला हो म्हणा.